अकरावा रकाना आणि डॉ. सुनीती सॉलोमन

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या महिला मंडळाने गच्चीवर घेतलेल्या व्याख्यानांपैकी तिसऱ्या भाषणाचा हा मजकूर. वक्त्या बी विंगमधील रहिवासी असून मुंबईत रक्तपेढीत ३३ वर्षे तंत्रज्ञ होत्या. – स्मरणिका समिती)



मंडळाने मला विषय दिला होता 'आरोग्य आणि आपण'. आता रक्तदाब, साखर, गुडघे यांच्यावर बोलायला आपल्याकडे ए विंगमध्ये दोन आणि सी विंगमध्ये एक असे तीन डॉक्टर आहेत. मी डॉक्टर नाही. मी रक्तपेढीत टेक्निशियन होते. लोकांनी हातावर बांधलेला पट्टा बघितला, बाटली बघितली, बिस्किटाचा पुडा बघितला. त्या बाटलीचं पुढे काय होतं ते बघणारी मी. म्हणून मी ठरवलं, ज्या बाईंच्या कामामुळे माझं रोजचं काम बदललं त्यांच्याबद्दल बोलायचं. विषय एचआयव्हीचा आहे. मुलांना खाली पाठवू का, असं मला विचारलं गेलं. मी म्हटलं, बसू देत. त्यांच्या शास्त्राच्या पुस्तकात हा धडा असतोच, आणि परीक्षेला त्यावर प्रश्नही येतो.

त्या बाईंचं नाव डॉ. सुनीती सॉलोमन. माहेरच्या गायतोंडे. आडनाव ऐकून कोकणातल्या आणि गोव्याकडच्या मंडळींनी मान वर केली, बघितलं मी! कुटुंब मराठी, पण कातड्याच्या व्यापारात चेन्नईला, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला, स्थिरावलेलं. घरात सगळे भाऊ, ही एकटी मुलगी. देवीची लस टोचायला आरोग्य अधिकारी दरवर्षी घरी येत, त्यांना बघून आपणही डॉक्टर व्हावं असं त्यांच्या मनात आलं, असं त्या सांगत. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकल्या. तिथेच व्हिक्टर सॉलोमन भेटले. ते ख्रिश्चन, पुढे हृदयाचे सर्जन झाले. त्या काळात असं लग्न म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. दोघं इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असं फिरून १९७३ साली परत आले. आपल्या कामाची गरज इथे जास्त आहे असं बाईंना वाटलं. परत येऊन त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट केली आणि आपल्याच कॉलेजात शिकवायला लागल्या. इथपर्यंतचं आयुष्य कुठल्याही चांगल्या प्राध्यापिकेचं असावं तसंच आहे.

आता १९८६ सालात या. अमेरिकेत हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो जून १९८१ मध्ये, लॉस एंजलिसच्या पाच तरुणांमध्ये. विषाणू सापडला १९८३ मध्ये पॅरिसला. आणि आपल्याकडे? आपल्याकडे सगळ्यांची खात्री होती की हे तिकडचं लफडं आहे. आपली कुटुंबव्यवस्था, आपले संस्कार, इथे कसला येतोय एड्स. मी नोकरीला नवीन होते, आमच्या जेवणाच्या टेबलावर हेच बोललं जायचं. मुंबई-पुण्याकडे काही तपासण्या झाल्या होत्या आणि त्यात काही निघालं नव्हतं, त्यामुळे या खात्रीला आणखीच जोर आला होता.

सुनीतीबाईंकडे निर्मला नावाची एक विद्यार्थिनी होती, सेलप्पन निर्मला. वय बत्तीस, घरी दोन लहान मुलं. प्रबंधाला विषय हवा होता. बाईंनी सुचवलं, एचआयव्हीसाठी तपासणी कर. निर्मला काही लगेच तयार झाली नाही. सगळीकडे निगेटिव्ह येतंय, मग माझंही तसंच येणार, असं तिचं म्हणणं. पण तिच्या नवऱ्याने तिला धीर दिला. मुंबईसारखी उघड वस्ती चेन्नईत नव्हती, तेव्हा पोलिसांनी पकडून सुधारगृहात ठेवलेल्या बायकांचं रक्त घ्यायचं ठरलं. नवरा तिला स्कूटरवरून पोचवायचा. नमुने ठेवायला नीट सोय नाही, म्हणून ते चक्क घरच्या फ्रीजमध्ये! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्यातली टेक्निशियन जागी झाली आणि अंगावर काटा आला. पण तेव्हा दुसरं होतं काय त्यांच्याकडे?

चाचणीची सोय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होती. दोघं नवरा-बायको थर्मासच्या बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने गेली. ही चाचणी एलायझा नावाची. प्लास्टिकची एक ताटली असते, आपल्या इडलीपात्रासारखी म्हणा, पण छोट्या छोट्या ९६ खळग्यांची. एकेका खळग्यात एकेका माणसाचं रक्तजल घालायचं, मग एकामागून एक रसायनं, मध्ये धुवायचं, थांबायचं. शेवटी ज्या खळग्यात पिवळा रंग येईल तिथे संशय. बाकीचे पाण्यासारखे स्वच्छ. मी हे काम इतकी वर्षं केलं की पिवळी हळद बघितली तरी मला ताटली आठवते. पण आमच्या ताटलीत रंग आला तर ते काय आहे हे आम्हाला माहीत होतं. वेल्लोरला त्या दिवशी जे उभे होते त्यांनी देशात पहिल्यांदा तो रंग बघितला. सहा नमुने पिवळे. पुन्हा केलं, पुन्हा पिवळे. मग खात्रीसाठी अमेरिकेला पाठवले, तिकडूनही तेच उत्तर आलं. त्या सहाजणींमधली एक मुलगी तेरा वर्षांची होती.

त्या वर्षी ही बातमी विधानसभेत सांगितली गेली आणि वर्तमानपत्रांत गाजली. निर्मलाने प्रबंध पूर्ण केला आणि ती दुसऱ्या कामाला लागली. तिचं नाव पुढे कितीतरी वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. हे मला खटकतं, आणि म्हणून मी मुद्दाम तिचं नाव दोनदा घेतलं.

सुनीतीबाई मात्र त्या तेरा वर्षांच्या मुलीपाशी थांबल्या, असं म्हटलं तरी चालेल. प्रयोगशाळेतल्या माणसाचं काम असतं उत्तर द्यायचं, होय किंवा नाही. ते उत्तर घेऊन माणूस घरी कसा जातो हे बघणं आमच्या कामात येत नाही. बाईंनी ते आपल्या कामात आणलं. घरी नवऱ्याला हे पसंत नव्हतं. असल्या रुग्णांत तू काम करू नकोस, असं ते सुरुवातीला म्हणाले. बाईंनी त्यांना सांगितलं की एकदा त्या लोकांच्या गोष्टी ऐका, मग तुम्ही असं म्हणणार नाही. १९९३ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली आणि तिला वडिलांचं नाव दिलं. वाय. आर. गायतोंडे सेंटर, वायआरजी केअर म्हणून ती ओळखली जाते. कुणीही आपणहून यावं, आधी समुपदेशकाशी बोलावं, मग तपासणी, मग पुन्हा बोलणं, आणि सगळं गुप्त. आज हे सरकारी केंद्रांतही असंच चालतं, म्हणून आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा मी एका मोठ्या रुग्णालयात केसपेपरवर लाल शाईने 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं आणि तोच पेपर पलंगाच्या पायाशी लटकवलेला बघितलेला आहे. भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक आधी तो वाचायचा आणि मग फळांची पिशवी लांबूनच ठेवायचा.

संस्थेत कोण यायला लागलं? ट्रकवाले, वेश्या, व्यसनी, असं तुम्हाला वाटेल. तेही आलेच. पण बाईंना दिसल्या त्या घरातल्या बायका. कपाळाला कुंकू, डोक्यात गजरा, आयुष्यात एकच पुरुष, तो म्हणजे लग्नाचा नवरा. आपल्या पुण्यातही हेच निघालं. १९९७ साली पुण्याचा एक अभ्यास अमेरिकेच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. हो, तेच गंगाखेडकर, करोनात रोज टीव्हीवर दिसायचे ते. गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांपैकी ज्यांचा शरीरविक्रयाशी काहीही संबंध नव्हता अशा ३९१ जणी होत्या, आणि त्यांच्यात शंभरातल्या जवळजवळ चौदा जणींना लागण होती. 'वाईट वागणाऱ्यांचा रोग' हे वाक्य ज्यांनी ज्यांनी उच्चारलं त्यांनी हा आकडा एकदा समोर ठेवावा.

औषधांचं थोडक्यात सांगते, नाहीतर समोरचे आजोबा पेंगतील. १९८७ मध्ये पहिलं औषध आलं, एझेडटी. एकटं औषध फार काळ पुरत नाही, विषाणू रूप बदलतो. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला लागले आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामावर जायला लागली. पण खर्च माणशी वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर! आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या डॉ. युसूफ हमीद यांनी २००१ मध्ये तीच औषधं वर्षाला साडेतीनशे डॉलरला देऊ केली, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी. जगात खळबळ माजली. आणि १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ही औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. तारखेमुळे तेव्हा काहींना थट्टा वाटली, पण ती खरी होती आणि आजही चालू आहे.

आता मला ज्यासाठी तुमच्यापुढे उभं राहायचं होतं तिथे येते. हे नीट ऐका.

गोळ्या घेतल्यावर माणूस जगतो हे कळलं होतं. पण तो दुसऱ्याला रोग देतो की नाही? अंदाज होता, पुरावा नव्हता. म्हणून नऊ देशांत एक मोठा अभ्यास झाला. प्रमुख होते अमेरिकेचे डॉ. मायरन कोहेन. आपल्या देशातली केंद्रं होती चेन्नईची वायआरजी केअर आणि पुण्याची भोसरीची 'नारी', राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. १७६३ जोडपी घेतली, प्रत्येक जोडप्यात एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही. निम्म्या जोडप्यांत बाधित माणसाला लगेच गोळ्या सुरू केल्या. उरलेल्यांना तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे प्रतिकारशक्ती ठरावीक पातळीच्या खाली उतरल्यावर. सगळ्यांना निरोध, समुपदेशन, तपासण्या, सगळं सारखं. विचार करा, या कामासाठी जोडपी शोधायची कशी? नवऱ्याने बायकोला खरं सांगितलेलं पाहिजे, बायकोने त्याच्यासोबत राहायचं ठरवलेलं पाहिजे, आणि दोघांनी वर्षानुवर्षं दवाखान्यात येत राहिलं पाहिजे. जिथे लोकांचा दारावरच्या माणसापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांवर विश्वास आहे तिथेच हे होऊ शकतं. तो विश्वास १९९३ पासून बांधला गेला होता.

अभ्यास २०१५ पर्यंत चालायचा होता. मे २०११ मध्येच निकाल जाहीर करावा लागला, कारण फरक इतका मोठा होता की दुसऱ्या गटाला थांबवून ठेवणं अन्यायाचं झालं असतं. जोडीदाराकडूनच लागण झाल्याचं सिद्ध झालेली प्रकरणं होती २८. त्यातली २७ उशिरा गोळ्या मिळालेल्या गटात आणि लगेच गोळ्या मिळालेल्या गटात फक्त एक. शंभरातला ९६ टक्के धोका कमी. नंतर युरोपात झालेल्या अभ्यासांत तर ज्यांच्या रक्तात विषाणू मोजता येण्याइतका उरलेला नाही अशांकडून जोडीदाराला एकही लागण झालेली आढळली नाही. नवरा-बायकोमध्ये जर लागत नाही, तर लिफ्टमध्ये, जिन्यात, गणपतीच्या पंगतीत काय लागणार? तसा तो या मार्गांनी कधीच लागत नव्हता, ती गोष्ट वेगळी. आपल्या देशात २०१७ पासून तपासणीत निघालेल्या प्रत्येकाला लगेच औषध देण्याचं धोरण आहे.

बाईंचं प्रत्येक काम असं यशस्वी झालं असं समजू नका. बायकांना नवऱ्याची परवानगी न मागता वापरता येईल असं एक जेल होतं, त्याच्या चाचणीत चेन्नईही होती. नवरा निरोध वापरत नाही तर बाईच्या हातात काहीतरी असावं, ही कल्पना किती चांगली! पण २००७ च्या जानेवारीत ती चाचणी बंद करावी लागली, कारण जेलने धोका कमी होण्याऐवजी वाढतोय की काय अशी शंका आकड्यांत दिसली. संशोधनात हे होतं. आकडे विरुद्ध गेले की थांबायचं.

आणि एक काम त्यांनी असं केलं की ते कुठल्या नियतकालिकात छापून येत नाही. लग्नं जुळवली. खरंच! बाधित मुलगा, बाधित मुलगी. घरचे लग्न कर म्हणून मागे लागलेत आणि सांगता तर येत नाही, अशी मुलं बाईंकडे यायची. मग शिक्षण, पगार, जात-धर्म, भाषा, आणि या सगळ्याबरोबर रक्तातल्या पेशींचा आकडा, हे जुळवून स्थळं सुचवायची. आपल्या वधू-वर मेळाव्यात पत्रिका बघतात, तिथे रिपोर्ट बघायचे. त्यावर 'लव्हसिक' नावाचा माहितीपट निघाला आहे. जात कशाला बघितली, असं माझी सून म्हणाली. मला वाटतं, बाईंना समाज सुधारायचा नव्हता त्या क्षणी, त्यांना त्या पोरीचं घर बसवायचं होतं.

जुलै २०१५ मध्ये त्या गेल्या, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने. २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मुलगा याच विषयात संशोधन करतो.

आता आपल्याकडे येते. आपल्या सोसायटीत भाडेकरू ठेवायचा तर मालकाने एक फॉर्म भरून ऑफिसात द्यायचा असतो. पूर्वी त्यात दहा रकाने होते. २०२० मध्ये अकरावा आला : 'भाडेकरू अथवा त्याच्या कुटुंबीयांस कोणताही गंभीर वा संसर्गजन्य आजार आहे काय? असल्यास तपशील.' करोनाचे दिवस होते, सगळे घाबरलो होतो, तेव्हाच्या कमिटीने आपल्या काळजीपोटी तो घातला. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता हे मला माहीत आहे. पण करोना गेला आणि रकाना राहिला.

तो कुणाला पकडतो ते बघू या. ज्याला लागण आहे, जो तपासून घेतो, दरमहा गोळ्या आणतो, जो प्रामाणिक आहे, तो 'होय' लिहील. म्हणजे ज्याच्यापासून कुणालाच काही होणार नाही, नेमका तोच. ज्याने कधी तपासलंच नाही तो 'नाही' लिहील, आणि तेही खोटं न बोलता. दुसऱ्या एका सोसायटीत, नाव घेत नाही, औषध केंद्राचं पुस्तक घरकामाच्या बाईने बघितलं आणि पंधरा दिवसांत एका जोडप्याला घर सोडावं लागलं. मुलीची सहामाही परीक्षा चालू होती. त्यानंतर त्या इमारतीतला कुणी आपणहून तपासणीला जाईल का? मी तेहेतीस वर्षं बघितलंय, माणूस रोगाला जेवढा घाबरतो त्यापेक्षा शेजाऱ्याला जास्त घाबरतो, आणि म्हणून उशिरा येतो.

शिवाय कायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ चा, सप्टेंबर २०१८ पासून लागू. या कारणावरून कुणाला घर भाड्याने नाकारता येत नाही, राहत्या घरातून काढता येत नाही, आणि आपली स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही. टीबीचं काय, असं कमिटीतल्या एका सभासदांनी मला विचारलं. प्रश्न योग्य आहे. टीबीची नोंद डॉक्टरने सरकारकडे करायची असते आणि ती यंत्रणा चालू आहे. सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात, जिथे वॉचमनपासून पेपरवाल्यापर्यंत सगळे डोकावतात, तिथे ती नोंद ठेवून कुणाचा खोकला बरा होणार?

मी कमिटीला लेखी अर्ज दिलेला आहे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो नवव्या क्रमांकावर आहे, मेंटेनन्सवाढीच्या नंतर. मेंटेनन्सवरचं भांडण संपेपर्यंत अर्धी मंडळी घरी जातात हा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. तेवढं बसा, आणि हात वर करा. विरोधात करायचा असेल तर विरोधात करा, पण बसा.

(भाषणानंतर काही प्रश्न विचारले गेले. त्यांची उत्तरं वक्त्यांनी दिली ती अशी.)

डास चावून होत नाही. डासाच्या पोटात हा विषाणू वाढत नाही, पचून जातो. मलेरियाचं तसं नसतं, म्हणून कुंड्यांतलं पाणी काढायचंच आहे.

सुई टोचली किंवा असा काही प्रसंग घडला तर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, सरकारी रुग्णालयात जायचं. प्रतिबंधक गोळ्या मिळतात, २८ दिवस घ्यायच्या.

लस अजून नाही. पण वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन आलं आहे. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या २१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. किंमत हा पुढचा प्रश्न.

घरकामाच्या बायकांची तपासणी सोसायटीने करून घ्यावी का? नाही. कायद्यातही बसत नाही आणि अकलेतही. त्यांना मेडिक्लेम काढून द्या.

तपासणी सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसी केंद्रात फुकट होते, नाव बाहेर जात नाही. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा नंबर आहे, त्यालाही पैसे पडत नाहीत. ऑफिसबाहेरच्या फलकावर मी तो लिहून ठेवला होता, कुणीतरी त्यावर पाण्याच्या टँकरची सूचना चिकटवली आहे. उद्या परत लिहीन.